मोजता येणारी गर्दी

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत दर वर्षी जूनच्या अखेरीस शंभर मैलांची एक शर्यत होते. नाव ‘वेस्टर्न स्टेट्स’. पहाटे पाचला ऑलिंपिक व्हॅलीतून निघायचं, पहिल्या साडेचार मैलांतच सुमारे अडीच हजार फूट चढून खिंड गाठायची. पुढे उंचावरचं उरलंसुरलं बर्फ, सूचिपर्णी रान, उन्हाने रणरणणाऱ्या दऱ्या आणि अमेरिकन नदीचं पात्र ओलांडत तीस तासांच्या आत ऑबर्न गावातल्या शाळेच्या मैदानावर पोचायचं. चोवीस तासांच्या आत आलेल्याला कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल, त्यानंतर आलेल्याला कांस्याचं. एवढ्यासाठी जवळपास दहा हजार लोक अर्ज करतात आणि सोडत निघून धावतात ३६९ च्या आसपास. हा विचित्र आकडा आयोजकांच्या सोयीतून आलेला नाही. १९८४ मध्ये मार्गाचा काही भाग ‘ग्रॅनाइट चीफ’ या संरक्षित रानात गेला. अशा रानात शर्यतींना परवानगी द्यायची नाही, असं तिथल्या वनखात्याचं धोरण आहे. ही शर्यत आधीपासून होत आलेली, म्हणून तिला अपवाद मिळाला. मात्र अट अशी, की त्याआधीच्या वर्षांत सरासरी जेवढे लोक धावत होते तेवढेच यापुढेही धावतील. शर्यत जगभर गाजली, अर्ज कितीतरी पटींनी वाढले, आकडा तिथेच राहिला.

डोंगरात, जंगलात शर्यती भरवाव्यात की नाही हा वाद आता आपल्याकडेही आहे. सह्याद्रीत ट्रेल रनिंगच्या शर्यती सुरू झाल्या आहेत आणि जुन्या भटक्यांना त्या खुपतात. हा वाद इथे शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीने मांडतो: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्ष आयुष्य गडवाटांवर घालवलेल्या एखाद्या ज्येष्ठ भटक्याने घ्यावा तसा घेतला आहे, आणि त्याचं म्हणणं मुद्दाम पडतं ठेवलेलं नाही. उत्तरपक्ष माझा. माझं म्हणणं एवढंच, की जंगलात जाणाऱ्या सगळ्या गर्द्यांमध्ये शर्यत ही एकच गर्दी अशी आहे जिला मोजता येतं, अटी घालता येतात आणि प्रसंगी थांबवता येतं. म्हणून तिच्यावर सरसकट बंदी घालण्यापेक्षा तिला अटींत बांधणं जंगलाच्या जास्त हिताचं आहे. जिथे त्या अटी पाळल्या जाणार नाहीत, तिथे ती होऊ नये.

पूर्वपक्ष: तुमच्या अटींकडे नंतर येऊ. आधी मुळाशी जाऊ. डोंगरात माणूस जातो तो घड्याळ विसरायला. तुम्ही मनगटावर घड्याळ, छातीवर नंबर आणि डोक्यात ‘कटऑफ’ घेऊन जाता. कारवी कधी फुलली, कुठल्या ढोलीत धनेश आहे, ही नाळ कुठे उतरते, यातलं काही पळणाऱ्याला दिसतं का? डोंगर म्हणजे व्यायामशाळा नव्हे. स्पर्धा करायची तर स्टेडियम बांधलेली आहेत, तिथे जा की. जंगलाला तुम्ही नुसता पडदा करून टाकलाय, मागे लावायला आणि फोटो काढायला.

उत्तरपक्ष: यातला अर्धा भाग मला मान्य आहे. पळत गेलेल्या माणसाला पक्षी कमी दिसतात, वनस्पती ओळखता येत नाहीत, आणि जंगल समजून घ्यायचं तर थांबावंच लागतं. पण पळणारा आंधळा असतो हे खरं नाही. तो दुसरं काही पाहत असतो. घसाऱ्यावरून उतरणाऱ्याकडे नीट बघा. त्याची नजर पायाशी नसते, तीन-चार पावलं पुढे असते. पाऊल आखूड, टाच रोवलेली नाही, हात तोल सावरायला दोन्ही बाजूंना पसरलेले. कुठला दगड मुरमात रुतलेला आहे आणि कुठला नुसता वर ठेवलेला, हे तो रंगावरून आणि दगडाच्या कडेला साचलेल्या मातीवरून क्षणात ठरवतो. दर पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतात. चढापेक्षा उतारच मांड्या जास्त दुखवतो, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना धावणारा कळवळतो, त्याचं कारण हेच. हेही डोंगराचंच ज्ञान आहे. ते निसर्ग-अभ्यासकाचं नाही, डोंगरात कामासाठी वावरणाऱ्याचं आहे.

आणि हा वावर बाहेरून आलेला नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रासमिअर गावच्या वार्षिक खेळांत टेकडी चढून-उतरून येण्याची ‘गाइड्स रेस’ १८६८ पासून आहे. वाटाड्यांच्या नावाने ती शर्यत ओळखली जाते, कारण डोंगर त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. आपल्याकडेही घाटवाटा तुडवणारे जासूद, ओझेकरी, धनगर डोंगर बघायला म्हणून डोंगरात गेले नव्हते. स्वतः ‘वेस्टर्न स्टेट्स’ घोड्यांच्या शर्यतीतून जन्मली. शंभर मैलांच्या ‘टेव्हिस कप’ या घोडेस्वारीच्या मार्गावर १९७४ मध्ये गॉर्डी एन्स्ली नावाचा माणूस घोड्याविना उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचला. तेव्हा डोंगर शांतपणे बघावा की धावत पार करावा हा आवडीचा प्रश्न आहे, आणि आवडीवरून सार्वजनिक नियम करता येत नाही. चिंतनात बुडालेल्या माणसाच्या बुटाखालीही माती तेवढीच दबते. जंगलाला फरक पडतो तो किती पावलं, कुठे, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळी पडली याने. वाद तिथे नेऊ.

पूर्वपक्ष: बरं, तिथेच नेतो. दोन-तीनशे माणसं एका दिवसात एका पायवाटेवरून गेली, की वाट रुंदावते, कडेचं गवत जातं, पहिल्या पावसात माती वाहून जाते. ते डोळ्यांना दिसतं तरी. जनावरांचं काय होतं ते दिसतही नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्याच संशोधकांचा अभ्यास आला होता. सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरच्या ७६ अभ्यासांचा त्यांनी एकत्र मेळ घातला. माणसाचा वावर आहे तिथे प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट झालेली आढळली. आणि शिकाऱ्यालाच प्राणी बिचकतात असंही नाही. नुसतं पायी फिरणारी माणसं आली तरी ते रात्रीकडे सरकतात. म्हणजे दिवस आपण त्यांच्याकडून घेतलाच आहे. आता तुमच्या शंभर किलोमीटरच्या शर्यती डोक्याला दिवे बांधून रात्रीही पळतात. त्या बिचाऱ्यांनी जायचं कुठे?

उत्तरपक्ष: जनावरांबद्दलचा पुरावा भक्कम आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. त्यातून निघणारी अट सरळ आहे: वन्यजीवांसाठी राखलेल्या जंगलात रात्री धावू नये. आपला कायदाही याहून सैल नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात शिरण्याची परवानगी कशाकशासाठी देता येते याची यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. शर्यत त्या यादीत नाही. तिला पर्यटनाच्या नावाखाली आत घेणं म्हणजे पळवाट काढणं. कोयना आणि चांदोली मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शर्यत भरवा, असं मी कधीच म्हणणार नाही.

पायवाटेचं गणित मात्र वरवर दिसतं तसं नाही. माणसांच्या वावराने जंगलाची किती झीज होते याचा अभ्यास करणारी एक ज्ञानशाखाच गेल्या अर्धशतकात उभी राहिली आहे. तिच्यातला पुन्हा पुन्हा आढळणारा निष्कर्ष असा: न तुडवलेल्या जागेवर पहिली थोडी पावलं पडतात तेव्हाच सगळ्यांत जास्त नुकसान होतं, आणि वाट एकदा टणक झाली की पुढच्या पावलांगणिक होणारी भर कमी कमी होत जाते. म्हणून तीनशे माणसं एका मळलेल्या वाटेवरून गेली, तर तेवढ्याच माणसांनी तीन महिने वेगवेगळ्या वाटा पाडत फिरण्याहून जंगलाची हानी कमी होते. झीज वाढवणारी खरी कारणं दोन: वाटेचा चढ आणि मातीतला ओलावा. वाट उताराच्या सरळ रेषेत असली की पाणी तिच्यातूनच धावतं. याचसाठी डोंगरात वाट वळणं घेत चढवलेली असते. आता अशा एका वळणाशी काय होतं ते पाहा. उतरताना घाईत असलेला माणूस वळणाच्या टोकापर्यंत न जाता आतल्या बाजूने चार पावलांत खालची वाट गाठतो. त्याचं पाहून मागचा तेच करतो. गवत झोपतं, मग मुळं उघडी पडतात, मग हातभर रुंदीची मातीची एक घळ तयार होते. पाऊस आला की वरच्या वाटेचं पाणी वळण सोडून त्या घळीत उतरतं, आणि चार-दोन पावसाळ्यांत तिथे ओहळ झालेला असतो. मूळ वळण निकामी. हे करणारा माणूस धावणाराच असतो असं नाही. रविवारी गडावर येणारी गर्दी हेच करते. फरक एवढाच, की शर्यतीत त्या वळणावर माणूस उभा करता येतो, आतून जाणाऱ्याचा नंबर टिपता येतो आणि त्याला बाद करता येतं. रविवारच्या गर्दीतल्या कुणाच्या छातीवर नंबर आहे?

पूर्वपक्ष: टिपता येतो, करता येतं, हे सगळं ‘येतं’ आहे. आणि पुढच्याला ओलांडून जायचं म्हटलं की पळणारा वाटेच्या बाहेर पाय टाकणारच. ती तुमच्या खेळाची गरजच आहे.

उत्तरपक्ष: म्हणूनच अटी खेळाच्या गरजेनुसार ठरवाव्या लागतात. सुरुवात रुंद गाडीवाटेवरून करायची, म्हणजे वेगानुसार माणसं पांगतात आणि अरुंद वाटेवर शिरताना रांग विरळ झालेली असते. मोठ्या संख्येला एकदम न सोडता तुकड्या-तुकड्यांनी सोडायचं. ठरावीक अरुंद टप्प्यांत ओलांडायला मनाई ठेवायची. आणि ओल्या मातीवर शर्यत घ्यायचीच नाही. म्हणजे सह्याद्रीत पावसाळ्यात आणि पावसाळा संपतो न संपतो तोच पायवाटेची शर्यत नको, मग हिरवा डोंगर फोटोत कितीही चांगला दिसो. हे सांभाळलं तर त्यापुढची एक गोष्ट शर्यतीकडून मिळवता येते, जी पर्यटकाकडून कधीच मिळत नाही: वाटेची निगा. ‘वेस्टर्न स्टेट्स’मध्ये धावायचं असेल तर प्रत्येकाला आठ तासांचं स्वयंसेवी काम करून तसा दाखला द्यावा लागतो, आणि त्यात वाटांच्या दुरुस्तीचं काम मोठं असतं. २०२२ च्या सप्टेंबरात ‘मॉस्किटो’ वणव्यात या मार्गाचा एक मोठा पट्टा होरपळला. तो पुन्हा चालण्याजोगा करायला जी माणसं राबली, त्यांना तिथे खेचून आणलं ते त्या मार्गावरच्या शर्यतीने. आपल्या किती गडवाटांना दर वर्षी असे हात मिळतात?

पूर्वपक्ष: वाटेचं ठीक आहे, माणसांचं काय? २२ मे २०२१ विसरलात का? चीनच्या गान्सू प्रांतात पीत नदीकाठच्या ‘शिलावन’ भागातली शंभर किलोमीटरची शर्यत. १७२ जण धावत होते, २१ जण थंडीने काकडून मेले. त्यात देशातले नामांकित धावपटू होते. ही मोजता येणारी गर्दीच होती ना? प्रत्येकाच्या छातीवर नंबर होता. मोजून काय झालं? मेलेल्यांची यादी लवकर तयार झाली, एवढंच.

उत्तरपक्ष: कडवट आहे, पण बोललात ते योग्य जागी लागणारं आहे. म्हणूनच त्या दिवशी काय चुकलं ते बारकाईने पाहायला हवं. दुपारच्या सुमारास वारा, पाऊस आणि गारा एकदम आल्या. जोराच्या वाऱ्याचा अंदाज आधीच दिलेला होता. तरीही वारा अडवणारं जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं, ‘सोबत असल्यास बरं’ अशा सामानात होतं. बहुतेक जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनमध्ये होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीच्या मधला टप्पा सुमारे आठ किलोमीटरचा आणि हजार मीटर चढाचा, उघडाबोडका, मध्ये आडोसा नाही. वरच्या चौकीपर्यंत गाडी जात नसल्याने तिथे अन्न-पाणीही ठेवलेलं नव्हतं. म्हणजे जिथे अंग सर्वांत थकणार आणि गारठणार, तिथेच मदत नव्हती. सहा जणांचा जीव वाचला तो झू केमिंग या मेंढपाळामुळे. तो वादळ पाहून गुहेत थांबला होता. त्याने त्यांना गुहेत आसरा दिला, शेकोटी पेटवली, पांघरुणं दिली. मला यातून दिसतं ते असं: डोंगराचं हवामान आणि आडोसे ठाऊक असलेला माणूस त्याच डोंगरात होता, फक्त तो आयोजनात कुठेच नव्हता. ही दुर्घटना नंबर लावल्यामुळे झाली नाही. नंबर लावला आणि बाकी काहीच बांधून घेतलं नाही, म्हणून झाली. त्यानंतर चीनने अशा जोखमीच्या शर्यती सरसकट थांबवल्या, आणि त्या वेळी तोच निर्णय योग्य होता.

उलट आल्प्समधली ‘यूटीएमबी’ पाहा. २००३ पासून माँ ब्लाँ पर्वताला फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशी फेरी घालणारी ही शर्यत सुमारे १७० किलोमीटरची आणि १०,००० मीटर चढाची आहे. दोन दिवे, जलरोधक जाकीट, जीवरक्षक चादर, शिट्टी, पाणी आणि स्वतःचा पेला जवळ असल्याशिवाय धावता येत नाही, आणि वाटेत कुठेही सामान तपासलं जातं. हवामान बिघडल्यावर मार्ग छोटा केल्याचीही वर्षं आहेत. जोखीम यानेही संपत नाही. डोंगरातली जोखीम संपवता येतही नाही. पण एक भेद इथे करायला हवा. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे. आपल्याला आणायला येणाऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा नाही. महाराष्ट्रात दरीत पडलेल्याला वर काढतात ते बहुतेक वेळा गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक आणि आसपासच्या वाड्यांतले गावकरी, आणि तेही पदरमोड करून. म्हणून बचावाची तयारी आणि तिचा खर्च शर्यतीच्या शुल्कातच धरलेला असावा. हेही आयोजकाकडून वसूल करता येतं, एकट्या-दुकट्या पर्यटकाकडून नाही.

पूर्वपक्ष: शुल्काचा विषय तुम्हीच काढलात. डोंगर कुणाचा आणि पैसा कुणाला? ज्या ‘यूटीएमबी’चं उदाहरण देता तिचा आता जगभर पसरलेला धंदा झाला आहे. ती जिथून सुटते त्या शामोनी गावात शर्यतीच्या आठवड्यात हजारोंनी धावणारे आणि त्याहून अधिक बघे उतरतात. आपल्याकडेही शहरातली मंडळी हजारोंचे बूट घालून येतात, वाडीतली पोरं त्यांना पाण्याचे ग्लास देतात, टाळ्या वाजवतात. संध्याकाळी सगळे परत पुण्या-मुंबईला. वाडीच्या पदरात काय, तर कचरा.

उत्तरपक्ष: ‘यूटीएमबी’चा पसारा हे माझ्याच म्हणण्याचं उलट्या बाजूने मिळालेलं प्रमाण आहे. संख्या बाजाराने ठरवली तर ती वाढतच जाते. जंगलाने ठरवली तर ३६९ वर थांबते. सामानाच्या शिस्तीसाठी मी ‘यूटीएमबी’कडे बोट दाखवतो, संख्येच्या शिस्तीसाठी ‘वेस्टर्न स्टेट्स’कडे. आणि ‘डोंगर कुणाचा’ याचं उत्तर आपल्याकडे पूर्वीपेक्षा आता स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागण्याचा आणि आपल्या वनाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो मिळवून दाखवला. साताऱ्याजवळ कास पठारावर फुलांच्या हंगामात आसपासच्या गावांतली माणसं संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या मार्फत पर्यटकांकडून शुल्क घेतात, दिवसाची संख्या बांधून ठेवतात, वाट सोडणाऱ्याला टोकतात. जागतिक वारशात २०१२ मध्ये गेलेलं हे पठार अशा गावकऱ्यांच्या जिवावर टिकलं आहे. पर्यटकांना जे लागू होतं ते शर्यतीला आणखी घट्ट लागू व्हावं. सिंहगड–राजगड–तोरणा यांसारखा मार्ग घ्या. तो निबिड जंगलातून जात नाही. गावं, शेतं, खिंडी, गडांच्या सोंडा आणि माच्या यांवरून जातो, आणि या वाटा गावकऱ्यांच्या रोजच्या पायांनीच जिवंत राहिलेल्या आहेत. तिथे वनखात्याच्या शिक्क्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा. कुठला आठवडा नको, कुठल्या पाणवठ्याजवळ चौकी नको, कुठली देवराई टाळायची, हे गावाने सांगायचं. वाट आखायला आणि हवा बिघडली तर शर्यत थांबवायला गावातला माणूस समितीत हवा, आणि तो मोबदला घेऊन. गान्सूतल्या मेंढपाळाने तीच तर जागा रिकामी असल्याचं दाखवून दिलं.

पूर्वपक्ष: हे सगळं ऐकायला छान आहे. पण आपला देश, आपली माणसं. परवानगीत तीनशे लिहिणार आणि सहाशे पळवणार. कागदावरच्या अटींना इथे विचारतो कोण? त्यापेक्षा सरळ बंदी घाला. एक ओळीचा नियम, मोडला तर लगेच दिसतो.

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, कारण तो जंगलाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. पण बंदी प्रत्यक्षात कुणावर लागू होईल ते पाहा. जो अर्ज करतो त्याच्यावर. अर्ज न करताच येणारे, रात्री गडावर चूल मांडणारे, बाटल्या फोडणारे, ध्वनिवर्धक वाजवणारे जसेच्या तसे राहतील, कारण त्यांच्यातला कुणीच कुणाला उत्तरदायी नाही. जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या एकालाच बाहेर काढून आपण बेवारशी गर्दीला डोंगर मोकळा करून देऊ. मोठी गर्दी शिस्तीत कशी चालते हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. आषाढी वारीत लाखो माणसं चालतात, पण प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे आणि कितवी ही जागा ठरलेली असते, आणि दिंडीतला माणूस चुकला तर त्याची दिंडी कोणती हे विचारता येतं. वारीनंतर कचरा उरतो, हे तुम्ही म्हणाल. उरतो, आणि तो कुणी उचलायचा हे विचारता येतं ते या व्यवस्थेमुळेच. कागदावरच्या अटी पाळल्या जाव्यात यासाठी त्या मोडणं महाग करावं लागतं. अनामत आधी भरून घ्यायची. शर्यतीपूर्वी आणि नंतर वाटेची त्याच जागांवरून छायाचित्रं काढून ती जाहीर करायची. धावणाऱ्यांची पूर्ण यादी शर्यतीआधीच प्रसिद्ध करायची. यादीत तीनशे नावं आणि वाटेवर सहाशे माणसं असली, तर ते गावातल्या शाळकरी पोरालाही मोजता येईल. अनामत जप्त आणि पुढच्या वर्षी परवानगी नाही.

बंदीला जागाच नाही असं मात्र मी म्हणत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरात कौरीचे प्रचंड वृक्ष मुळं कुजवणाऱ्या एका सूक्ष्म रोगकारकाने मरू लागले. हा रोगकारक मातीतून पसरतो, आणि बुटाच्या तळव्याच्या खाचेत अडकलेली चिमूटभर मातीही त्याला पुरते. जंगलाच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवून पाहिलं. सगळे जण ते वापरत नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या ते कावेराउ आ माकी या माओरी समाजाने आपल्या परंपरेप्रमाणे त्या रानावर ‘राहुई’ म्हणजे प्रवेशबंदी घातली, आणि २०१८ मध्ये महापालिकेने जंगलातल्या बहुतेक वाटा बंद केल्या. चालणाऱ्यांना, धावणाऱ्यांना, सगळ्यांना. देवराई मानणाऱ्या आपल्या गावांना हा न्याय परका वाटायचं कारण नाही. ही बंदी मला पूर्ण पटते, कारण तिच्यामागे कारण आहे, ते कारण झाडाच्या मुळाशी जाऊन दाखवता येतं, आणि ती सगळ्यांवर सारखी आहे. धावणं असभ्य वाटतं म्हणून घातलेली बंदी या कसोटीला उतरत नाही.

पूर्वपक्ष: म्हणजे शेवटी तुम्हीही ‘नाही’ म्हणायला तयार आहात. मग आपल्यात भांडण उरलं कुठे?

उत्तरपक्ष: उरलंय. तुमचं ‘नाही’ शर्यत या प्रकाराला आहे. माझं एखाद्या जागेला, ऋतूला, संख्येला आहे. शर्यतीचा घाट आणि ढोल-ताशा तुम्हाला कधीच आवडणार नाही, आणि ते आवडून घ्या असा माझा आग्रहही नाही. मात्र एवढं मान्य करा, की उत्तरदायी माणूस दिसला तर त्याच्यावर अटी घालायच्या असतात, त्याला हाकलायचं नसतं. धावणाऱ्यांना माझं सांगणं याहून कडक आहे. २००८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा ‘वेस्टर्न स्टेट्स’ ऐन तोंडावर रद्द झाली. वर्षभर घाम गाळलेल्यांनी ते सोसलं. आपल्याकडे एखाद्या डोंगरी शर्यतीत नाव नोंदवण्याआधी पदक कसं आहे, टी-शर्ट कोणत्या कापडाचा आहे हे विचारू नका. ती कोणत्या कारणांनी रद्द होईल हे नियमावलीत लिहिलं आहे का, आणि रद्द करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे विचारा. उत्तरात गावाचं नाव नसेल, हवामानाचा उल्लेख नसेल आणि संख्येपुढे ‘मर्यादा नाही’ असं लिहिलं असेल, तर त्या शर्यतीपुरता पूर्वपक्षच खरा समजा आणि पैसे भरू नका.